काम वेल्डरचं, कागद हेल्परचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘कुशल माणूस मिळत नाही’ ही उद्योजकांची तक्रार आपल्या जिल्हा पानावर वर्षातून दोन-चारदा तरी वाचायला मिळते. रोजगार मेळावा असो, एमआयडीसीतली बैठक असो की मंत्र्यांना दिलेलं निवेदन, हे वाक्य ठरलेलं. मी जळगावात ठेकेदारांची पीएफ आणि ईएसआयची कामं करते. चलन, रिटर्न, हजेरीपत्रक, तपासणी लागली की रजिस्टरांची जुळवाजुळव, असा माझा धंदा. माझ्या टेबलावरून जी माणसं कागदावर जातात ती पाहता ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते. खानदेशात कुशल माणसं भरपूर आहेत. ती कुशल आहेत असं लिहिलेलं मात्र कुठेच सापडत नाही.

मागच्या पावसाळ्यात अमळनेरकडचा एक वेल्डर पीएफची जुनी खाती जोडून घ्यायला आला होता. चाळिशी ओलांडलेला. त्यानं प्लॅस्टिकच्या पाकिटातून आपले जुने गेटपास काढले आणि टेबलावर मांडले. प्रत्येकावर ठेकेदार वेगळा, फोटोतला माणूस तोच, फक्त डोक्यावरचे केस कमी होत गेलेले. हुद्द्याच्या जागी एकावर हेल्पर, एकावर फिटर, एकावर रिगर (जड सामान उचलून बसवणारा), मग पुन्हा हेल्पर. प्रत्यक्षात हा माणूस बॉयलरच्या नळ्यांचे आर्गन वेल्डिंगचे जॉइंट मारतो. नळी जागची हलत नाही, यालाच तिच्याभोवती अंग चोरून बसावं लागतं. मागच्या बाजूचं दिसत नाही तिथे आरसा लावायचा आणि आरशात पाहून उलटा हात चालवायचा. नंतर त्या जॉइंटचा एक्स-रे निघतो. फिल्मवर बारीकसं छिद्र दिसलं तरी जॉइंट कापून पुन्हा पहिल्यापासून. असं काम करणारी माणसं गावात बोटावर मोजण्याइतकी असतात.

गुजरातेत एका मोठ्या शटडाऊनला, म्हणजे कारखाना बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीच्या कामाला, सुपरवायझर म्हणून जायची त्याला संधी आली होती. तिकडच्यांनी अनुभवाचे दाखले मागितले. याच्याकडे गेटपास होते, तेही हेल्परचे. ‘हात देखा ना ताई, कागद काय देखतस?’ असं तो मला म्हणाला, कारण तिकडे म्हणून उपयोग नव्हता. शेवटी गेला, पण रोजावरचा वेल्डर म्हणूनच.

मला यात जास्त खुपतं ते वेगळंच. ठेका बदलतो तेव्हा माणसं बदलत नाहीत. मुदत संपते, टेंडर निघतं, नवा ठेकेदार येतो आणि जुन्याचीच माणसं घेतो, कारण गेटच्या आत कुठला व्हॉल्व्ह कशाचा हे त्यांनाच ठाऊक. कागदावर मात्र ती त्या दिवशी नव्यानं कामाला लागलेली असतात. मागचं सगळं पुसलं जातं. पुढची पायरी चढायला मागची पायरी तरी हवी ना! मग किमान वेतनातला विशेष भत्ता सरकार वाढवील तेवढीच काय ती वाढ. काल भरती झालेला पोरगा आणि त्याला हातात वेल्डिंगचा होल्डर धरायला शिकवणारा उस्ताद, दोघे एकाच दराच्या ओळीत येतात. ती ओळ दर महिन्याला मीच टाइप करते, म्हणून खात्रीनं सांगते.

२०१४ मध्ये यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, आला आणि एक मोठी सोय झाली. माणसानं किती ठेकेदार पाहिले ते आता एका क्रमांकाखाली दिसतं. पण पीएफची जी फाइल आम्ही अपलोड करतो तिच्यात नाव, पगार, वर्गणी आणि बिनपगारी दिवस एवढंच असतं. माणूस काय काम करतो, याचा रकानाच त्यात नाही. पासबुक पाहून तो कुठे होता ते कळेल. तिथे वेल्डिंग करत होता की विटा वाहत होता, ते कळायचं नाही.

कायद्यात याची तजवीज नव्हती असं म्हणता येणार नाही. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा आणि त्याखालचे केंद्राचे नियम १९७१ चे. त्यातला ७७ वा नियम सांगायचा की, कामगाराचं काम संपलं की ठेकेदारानं त्याला सेवेचा दाखला द्यायचा. त्यासाठी नमुना १५ ठरवून दिलेला. एका पानाचा साधा तक्ता आहे: केव्हापासून केव्हापर्यंत, कामाचं स्वरूप, मजुरीचा दर, शेरा. एवढ्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या कामगारांपैकी हा दाखला हातात असलेले फारच थोडे निघाले.

का देत नाहीत? आळस म्हणून सोडून देऊ नका. गोम त्या तक्त्यातच आहे. कामाचं स्वरूप आणि मजुरीचा दर शेजारी शेजारी येतात. पहिल्या रकान्यात ‘हाय प्रेशर वेल्डर’ लिहिलं की दुसऱ्यात अकुशल मजुराचा दर लिहिता येत नाही. कुशल, अर्धकुशल, अकुशल यांचे किमान दर वेगवेगळे, तेव्हा ठेकेदार स्वतःच्या सहीनं स्वतःविरुद्ध पुरावा देणार. मग त्याला दोनच वाटा राहतात. दाखल्यावर हेल्पर लिहायचं, नाहीतर दाखलाच द्यायचा नाही. बहुतेकांना दुसरी वाट बरी वाटते, तिच्यात लबाडी दिसत नाही.

ठेकेदारांचं मीठ मीही खाते, म्हणून त्यांची बाजूही सांगते. काम मिळतं सर्वांत कमी दराच्या टेंडरवाल्याला. अंदाजपत्रकात कुशल माणसं मोजकी धरलेली असतात, साइटवर लागतात त्याच्या दुप्पट. तो फरक कोणाच्या तरी खिशातून जायचा, तर ठेकेदार तो कामगाराच्या हुद्द्यातून काढतो. शिवाय दाखला दिला की माणूस उद्या कोर्टात जाऊन परमनंट करा म्हणेल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. मला ही भीती उफराटी वाटते. दाखल्यावर कामावर ठेवणारा म्हणून ठेकेदाराचंच नाव असतं, कारखान्याचं नव्हे. पण हे समजावून सांगता सांगता माझा चहा गार होतो आणि समोरचा म्हणतो, ‘तरी पण नकोच मॅडम.’

हा प्रश्न फक्त ठेकेदारीचाही नाही आणि पुरुषांचाही नाही. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे लॅबमध्ये बाटलीत वाढवलेल्या, ग्रँड नैन जातीच्या रोपांनी आपल्याकडची केळी किती बदलली ते रावेर, यावल, चोपड्याच्या शेतकऱ्यांना मी काय सांगायचं! त्या रोपांमागे लॅबमध्ये बसणाऱ्या मुली आहेत, त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, समोर लॅमिनार फ्लो यंत्राची गाळलेली गार हवा, एका हातात चिमटा, एका हातात स्काल्पेल. बाटलीतून कोंबांचा पुंजका उचलायचा, काळा पडलेला भाग छाटायचा, कोंब मोकळे करायचे, नव्या माध्यमावर बसवायचे, झाकण लावायचं. हत्यार प्रत्येक वेळी तापवून निर्जंतुक करायचं आणि निवल्याशिवाय कोंबाला लावायचं नाही. घाई केली तर कोंब भाजतो, ढिलाई केली तर बाटलीत बुरशी धरते आणि अख्खी बाटली फेकावी लागते. कोणाच्या किती बाटल्या खराब गेल्या याची लॅबमध्ये नोंद असते. म्हणजे वेल्डरच्या एक्स-रेसारखंच इथेही कसबाचं चोख मोजमाप होतं. पण ती नोंद लॅबच्या दाराबाहेर येत नाही. मुलगी लग्न होऊन पुण्याकडे गेली, तर तिकडेही जरबेराच्या, ऑर्किडच्या लॅब आहेत. तिथे ती काय दाखवणार? मी पाहिलेल्या पगाराच्या स्लिपवर त्यांचा हुद्दा ‘कामगार’ एवढाच असतो. म्हणजे तिथे पुन्हा बाटल्या धुण्यापासून सुरुवात.

पुढे जायच्या वाटा आता पूर्वीपेक्षा जास्त आहेत आणि त्या प्रत्येक वाटेवर हाच कागद मागतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं (एआयसीटीई) २०२३-२४ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी डिप्लोमा आणि डिग्रीच्या सोयीच्या वेळेच्या वर्गांना परवानगी दिली. त्याला अट एक वर्षाच्या पूर्णवेळ अनुभवाची. आयटीआय केलेलं नाही, पण उस्तादाच्या हाताखाली धंदा शिकला, अशा माणसाला अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसता येतं, तिथेही अनुभवाचा दाखला. सरकारनं पूर्वानुभवाला मान्यता देणारी छोटी प्रमाणपत्रंही काढली. ती पाहून दर वाढवणारा ठेकेदार माझ्या पाहण्यात नाही.

याउलट बॉयलर अटेंडंटचं पाहा. तोही कामगारच, भट्टीसमोर घाम गाळणारा. पण त्याच्या परीक्षेला बसायला बॉयलरवर काम केल्याचा दाखला लागतो आणि प्रमाणपत्र असलेला माणूस नसेल तर बॉयलर चालवता येत नाही. साहजिकच तेल गिरणी असो की साखर कारखाना, मालक दाखला मुकाट्यानं देतो. तो माणूस सेकंड क्लासचा फर्स्ट क्लास होतो, त्याचा पगार सरकतो, त्याला दुसरीकडून बोलावणी येतात. मालक तेच, गाव तेच. फरक इतकाच की इथे कागदाची गरज मालकालाही असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. नियुक्तिपत्र द्यायलाच हवं, असं त्यात आहे, हे चांगलं झालं. सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थितीच्या संहितेचं कलम ५६ म्हणतं की, कंत्राटी कामगारानं मागितल्यास ठेकेदारानं केलेल्या कामाच्या तपशिलासह अनुभवाचा दाखला द्यावा. कामाचा तपशील हे शब्द मोलाचे आहेत. माझं अडतं ते ‘मागितल्यास’पाशी. पुढच्या ठेक्यात आपल्याला घेतील की नाही या विवंचनेत असलेला माणूस कोणाकडे काय मागणार? त्यात संहितेतलं ठेकेदारीचं हे प्रकरण पन्नास किंवा जास्त माणसं लावणाऱ्या ठेकेदारांना लागू आहे. मूळच्या १९७० च्या कायद्यात हा आकडा वीस होता. माझ्याकडचे निम्म्याहून जास्त ठेकेदार पन्नासच्या आतले आहेत. आठ-दहा माणसांवर शटडाऊनची कामं उचलणारे तर कितीतरी, आणि खरं कसब असतं ते याच टोळ्यांत.

म्हणून माझं मागणं ठेकेदारांकडे नाही, ठेका देणाऱ्यांकडे आहे. कारखाने, वीज केंद्रं, पालिका, सरकारी खाती, सगळ्यांकडे आज एक रीत पक्की बसली आहे: बिलाला पीएफचं चलन जोडलेलं नसेल तर बिल पास होत नाही. ही रीत नव्हती तेव्हा पीएफ भरायला किती टाळाटाळ व्हायची, हे आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना विचारा. तीच रीत दाखल्याला लावा. ठेक्याची मुदत संपली की अनामत रक्कम सोडण्याआधी सगळ्या कामगारांच्या अनुभव-दाखल्यांच्या प्रती मागा. टेंडरच्या अटींत एक ओळ वाढवायची, एवढंच काम. त्याला नवा कायदा लागत नाही, पन्नासचा आकडाही आड येत नाही. दाखल्यावर कामाचं नाव नुसतं ‘वेल्डर’ नको. कोणती पद्धत, कसल्या नळीवर, एक्स-रेचं काम होतं की नाही, हे असावं. आतला इंजिनिअर ते दोन मिनिटांत तपासून सही करू शकतो, त्यालाच तर माहीत असतं कोण कसा हात चालवतो.

हुद्दा खरा लिहिला तर दरही खरा द्यावा लागेल आणि टेंडरचा अंदाज वाढेल, असं कोणी म्हणेल. वाढेलच. कुशल माणूस हवा असेल तर त्याचे पैसे कुशल माणसाचे असतात. ते द्यायचे नसतील तर निदान माणूस मिळत नाही असं आपल्या पानावर छापून आणू नये.

कामगार बंधू-भगिनींना एक व्यवहाराची गोष्ट सांगते. दाखला मागायचा तो ठेका संपल्यावर नको, तेव्हा ठेकेदार फोन उचलत नाही. कामावर घेतानाच हुद्दा काय लिहिला ते बघा, स्लिपचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, गेटपास परत करण्याआधी त्याचाही.

मी नमुना १५ च्या धर्तीवर मराठीत एका पानाचा दाखला टाइप करून घेतला आहे. चलन न्यायला येणाऱ्या ठेकेदारांना त्याच्या कोऱ्या प्रती देते. काही जण त्या टेबलावरच विसरून जातात, पण दोघांनी परवा आणखी मागून नेल्या.

कळावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, जळगाव