मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीविषयी

उट्रेख्त, रविवार

ती. दादा व सौ. वहिनी यांना सा. न.,

ओवी आणि चिनूला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे ठरले, हे फार चांगले झाले. मुलांना काय सांगू, असे वहिनींनी विचारले आहे. जे होणार आहे ते जसेच्या तसे सांगावे, आणि ‘दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील’ हे वाक्य घरात कुणालाही उच्चारू देऊ नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आधी तक्ता वाचायला लावतील. ही परीक्षा नव्हे, दिसले नाही तर ‘दिसत नाही’ हेच बरोबर उत्तर, हे ओवीला नीट समजवा, कारण हुशार मुले अंदाजाने अक्षरे सांगून मोकळी होतात. हा तक्ता १८६२ साली आमच्या याच गावात डॉ. हर्मन स्नेलन यांनी तयार केला, हेही तिला सांगा, तिला आवडेल. चिनूला अजून अक्षरे येत नाहीत, त्यामुळे त्याला चित्रे दाखवतील.

एकेक डोळा झाकून का तपासतात, हे मात्र तुम्हीही लक्षात घ्या. एका डोळ्याचा नंबर बराच जास्त असला, तर मेंदू त्या डोळ्याचे अंधूक चित्र बाजूला सारून दुसऱ्याच डोळ्यावर भागवतो; मूल तक्रार करत नाही आणि तो डोळा आळशी होत जातो. लहान वयात कळले, तर चष्मा देऊन व चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी लावून तो पुष्कळ सुधारतो.

मग थेंब घालतील. ते थोडे झोंबतात, हे लपवू नका. थेंबांनी बाहुली मोठी होते, आणि डॉक्टरांना आतला पडदा व त्यावरच्या बारीक लाल रक्तवाहिन्या दिसतात. शरीराला कुठेही न कापता रक्तवाहिन्या अशा थेट पाहायला मिळतात त्या इथेच. आदल्या दिवशी चिनूला आरशासमोर उभे करून डोळे मिटायला लावा आणि उघडताच बाहुली कशी आक्रसते ते दाखवा, म्हणजे त्याला सारे समजेल. थेंबांनंतर काही तास उजेड सहन होत नाही व जवळचे धूसर दिसते, म्हणून टोपी न्या आणि त्या संध्याकाळी गृहपाठाला बसवू नका.

चष्मा लागलाच, तर फ्रेम मुलांनाच निवडू द्या. तपासणीच्या कागदाचा फोटो मला पाठवा.

आपली,
मीना