मागची खोली

रेडिंग, रविवार दुपार

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा पाऊस आणि भाजीचे भाव बोलून फोन ठेवला. म्हणून लिहिते. आम्ही घर मागच्या बाजूला वाढवतोय. विचार आहे असं नाही, वाढवतोय. काउन्सिलची परवानगी मंगळवारी हातात आली. आधी विचारलं असतं तर ‘आमच्यासाठी खर्चात पडू नका’ म्हणाला असतात आणि मी आणखी दोन वर्षं गप्प बसले असते.

शिवाय हे काही फक्त तुमच्यासाठी नाही. मोठीला अभ्यासाला जागा नाही, तुमच्या जावयांचं ऑफिस अजून जिन्याखालच्या टेबलावर चालतं, उद्या घर विकायची वेळ आली तर खाली न्हाणीघर असलेल्या घराला भाव बरा येतो. अशी कारणं मी अर्ज भरायच्या आधीच जमवून ठेवली होती.

बाबा, गेल्या खेपेला शेवटच्या आठवड्यात तुम्ही जिना बसून उतरत होतात. दोन्ही हात मागे टेकून, एकेक पायरी. तेरा पायऱ्या आहेत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुमचं लक्ष गेलं असतं तर चष्मा शोधतोय म्हणाला असतात, म्हणून मी आत सरकले आणि उगाच भांडी वाजवली. संध्याकाळी सहानंतर तुम्ही पाणीच पीत नव्हतात, हे तर तुम्ही गेल्यावर लक्षात आलं. तेव्हा आईला फोनवर विचारलं, तर म्हणे, ‘थंडीत तहान लागत नाही.’ जूनमध्ये, आई?

तर आता कहाणी ऐका. बाबांना कागदपत्रांत रस म्हणून सविस्तर लिहिते, आईने हा भाग सोडला तरी चालेल. इथे ओळीतल्या घराला (टेरेस्ड म्हटल्यावर बाबांनी पहिल्याच दिवशी ‘गच्ची कुठाय?’ विचारलं होतं!) मागे तीन मीटरपर्यंत एकमजली वाढवायला साधारणपणे परवानगी लागत नाही. पण ते तीन मीटर ‘मूळ’ घराच्या भिंतीपासून मोजतात, आणि मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ ला जेवढं उभं होतं तेवढं. बाबा, तुमच्या जन्माचंच साल. आमचं स्वयंपाकघर आधीच्या मालकाने नंतर मागे काढलेलं आहे, त्यात दोन मीटर आधीच गेलेले. शिवाय बाजूची ती अरुंद बोळ, जिथे आई कोथिंबिरीच्या कुंड्या ठेवायची, तीही आत घ्यायची होती. म्हणून पूर्ण अर्ज करावा लागला. फी ५२८ पौंड भरली. बाबा, लगेच रुपयांत गुणू नका.

अर्जाचे नकाशे सगळ्या शेजाऱ्यांना उघडे असतात आणि हरकत घ्यायला एकवीस दिवस मिळतात. मला बाकी कुणाची नाही, पण डावीकडच्या आजींची काळजी होती. आई, तू जिला बेसनाचे लाडू दिले होतेस आणि जिने डबा धुऊन त्यात जॅम भरून परत केला, तीच. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या नव्या भिंतीला लागूनच येते. म्हणून अर्जाआधीच आर्किटेक्टने खिडकीच्या मध्यापासून ४५ अंशांची रेघ ओढून दाखवली. आमची भिंत त्या रेघेच्या बाहेर जात होती, म्हणजे तिचा सकाळचा उजेड जाणार. आम्ही खोली साठ सेंटिमीटरने आखूड केली. तुमचे जावई जरा कुरकुरले. मी म्हटलं, चौकातल्या भिंतीपायी आमच्या घरात अकरा वर्षं काय झालं ते मी पाहिलंय. मला ते इथे नको. सामाईक भिंतीसाठी इथे १९९६ चा वेगळा कायदा आहे, दोन महिने आधी शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. ती द्यायला मी स्वतः गेले, लाडू घेऊन. माझ्या हातचे, त्यामुळे जरा टणक. तिने सही केली.

आता काम सप्टेंबरअखेर सुरू होईल. ड्रेनेजची पाइप सगळ्या ओळीच्या मागून जाते, तिच्यावर बांधायला पाणी कंपनीची वेगळी परवानगी घेतली आहे. बिल्डिंग कंट्रोलचा माणूस पाया खणल्यावर येऊन बघून जातो, मगच काँक्रीट. सगळं रीतसर आहे, काळजी नको.

खोली पूर्वेला आहे. न्हाणीघर खोलीतूनच, मध्ये उंबरा नाही, जमीन एका पातळीवर. जेट स्प्रे लावतोय, बादली आणि मगही असेल, कागदाचा विषयच नाही. बसून आंघोळीला भिंतीत दुमडणारं स्टूल, हाताला दांडे. फरशीखालून ऊब येईल, म्हणजे बाबांना मोजे घालून झोपायला नको. दार नेहमीपेक्षा रुंद ठेवलंय, सामान आत न्यायला सोपं पडतं म्हणून. आणि आई, दाराला आतून कडी आहे. ती खोली तुमची. ‘लेकीच्या घरी सहा महिने कसं राहायचं’ हे वाक्य यंदा काढायचं नाही.

सहा महिने हे मी ठरवलेले नाहीत. कायमचं बोलावण्याचे नियम २०१२ पासून इतके कडक आहेत की मी वाचून लॅपटॉप मिटला. पाहुण्यांच्या व्हिसावर एका खेपेला सहाच महिने. मग ते मे ते ऑक्टोबर असू देत. म्हणजे कृष्णेचं पाणी चढायचे दिवस तुम्ही इथे काढाल. २०१९ ला तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर होतात आणि मी इथे फोन चार्जरला लावून बसले होते. त्यानंतर दर ऑगस्टात मी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघूनच झोपते.

बाबा, चौथीत माझा पाय मोडला तेव्हा रात्री परसातल्या संडासाला तुम्ही मला उचलून न्यायचात. टॉर्च दातांत धरून. मी म्हणायचे, मला एकटीला जमेल, आणि तुम्ही दातांत टॉर्च असल्यामुळे नुसतं ‘हं’ करायचात. मला अजून त्या ‘हं’चा आवाज येतो.

बरं, आता कामाचं. पासपोर्ट काढून तारखा बघा, दोघांचेही. दातांची कामं तिथेच संपवून या, इथे दाताला हात लावला की खिसा दुखतो. बाबांनी गुडघ्याचे व्यायाम खरंच करायचे, ‘केले’ असं सांगायचं नाही. बीपीची गोळी सकाळीच, चहाआधी की नंतर यावर वाद नको. पाणी बघायला घाटावर जायचं नाही, काका बोलवायला आले तरी नाही. आई, तू माळ्यावर चढायचं बंद कर. लोणचं इथेही मिळतं. तुझ्यासारखं नाही, पण मिळतं.

आणि दोन मापं लगेच कळवा, सुतार आणि प्लंबर दोघं थांबलेत. देव्हाऱ्याची रुंदी आणि उंची. आणि बाबांच्या चहाच्या खुर्चीची उंची, जमिनीपासून बैठकीपर्यंत. त्याच उंचीवर कमोड बसवायचा आहे, म्हणजे उठताना त्रास नाही. आई, हे माप तू घे. बाबांना घेऊ दिलंस तर ते आम्हाला स्वस्त पडावं म्हणून दोन इंच कमी सांगतील.

तुमची,
बाळी