खाणी कुणाच्या? सुहासला पत्र

डिचोली, गोवा
ऑगस्ट २०२५

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझी गाडी आली आणि फोनवरचं आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं. ‘खाणी सरकारने स्वतः चालवल्या असत्या तर गोव्यावर ही वेळ आली नसती’ असं ठणकावून तू फोन ठेवलास. उत्तर द्यायला जागाच ठेवली नाहीस, म्हणून हे पत्र. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला वेळ भरपूर असतो, तेव्हा आता सोस.

आधी तूच सांग, तुझ्या चंद्रपुरातल्या कोळसा खाणी १९७३ पासून सरकारच्याच आहेत ना? मग खाणीच्या कडेच्या गावांची धूळ, भिंतींना गेलेले तडे, आटलेल्या विहिरी हे सगळं मला गेली कित्येक वर्षं कोण लिहून कळवतंय? मालक सरकारी झाला म्हणून खाणीशेजारच्या माणसाची मालकी सिद्ध होत नाही. खासगी मालकांची वकिली मी करत नाही, हे इथंच सांगून टाकतो. त्यांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्याकडच्या लोहखनिजाच्या खाणींचा गुंता जुना आहे. पोर्तुगीज सरकारने खाणींची कन्सेशनं, म्हणजे खनिज काढायचे हक्क, दिले ते जवळजवळ कायमचे. सरकारला मिळायची ती किरकोळ रक्कम. १९५०च्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांनी मागणी लावली आणि आमचे डोंगर बार्जमधून, म्हणजे सपाट मालवाहू बोटींतून, मांडवी-जुवारीने मुरगाव बंदराकडे निघाले. १९६१मध्ये गोवा मुक्त झाला, झेंडा बदलला, पण कन्सेशनं तीच राहिली. त्यांचं रूपांतर भारतीय कायद्याखालच्या लीजमध्ये, म्हणजे मुदतीच्या भाडेपट्ट्यांत, करणारा कायदा यायला १९८७ उजाडलं. त्यावरही मालक कोर्टात गेले.

यात दिल्लीचा भाग वेगळाच. खनिज राज्याचं, पण रॉयल्टीचा, म्हणजे खनिज काढणाऱ्याने सरकारला द्यायच्या रकमेचा, दर १९५७च्या कायद्यानुसार केंद्र ठरवणार. वर निर्यात शुल्क लावायचं की काढायचं तेही केंद्रच ठरवणार. ऑगस्ट २००९पर्यंत लोहखनिजाची रॉयल्टी टनामागे ठरावीक रुपयांत होती. बाजारात भाव काय चाललाय याच्याशी तिचा काही संबंध नाही! बीजिंग ऑलिंपिकच्या आगेमागे चीनला खनिज पुरेना, आमचा कमी प्रतीचा मालही हातोहात खपू लागला, जगात टनाचा भाव शंभर डॉलरच्या वर गेला आणि इथल्या तिजोरीत पडत होते टनाला मोजके रुपये. नंतर दर भावाच्या १० टक्के झाला, २०१४मध्ये १५. तोवर मलई गेली होती.

त्या काळात मी ट्रकच्या कर्जांच्या टेबलावर होतो. हप्ता भरायला माणसं खाणीवरून थेट यायची. बनियनच्या खिशातून काढलेल्या नोटा लाल मातीने माखलेल्या असायच्या आणि दुपारपर्यंत कॅशियरची बोटं गेरूत बुडवल्यासारखी दिसायची. तो नोटा मोजायला ओला स्पंज वापरायचा, त्याचाही चिखल व्हायचा. डिचोली-साखळी रस्त्यावर शाळेची पोरं तोंडाला रुमाल बांधून कडेने चालायची. ज्याच्या शेतात डंपची, म्हणजे खाणीतून उपसून रचलेल्या ढिगाऱ्याची, माती वाहून येऊन भात पिकेनासं झालं होतं, तोच शेतकरी कर्ज काढून ट्रक घ्यायचा. याला काय म्हणशील? शोषण म्हणशील, तर तो माणूस तेव्हा खूश होता. घराला स्लॅब पडला, मुलगी इंजिनिअरिंगला गेली. त्याच्या तोंडावर ‘पर्यावरण’ म्हणायची माझी छाती नव्हती, आणि आजही नाही.

एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती उपसावी लागते. ती माती कुठे जाते, याचा हिशेब कुणाच्याच वहीत नसायचा.

पुढचं तू पेपरात वाचलंच असशील. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला, सुमारे ३५ हजार कोटींच्या बेकायदा खनिजाचा आकडा आला, आणि सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद पडल्या. ट्रक अंगणात उभे राहिले आणि टायरांतून गवत आलं. एप्रिल २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळी लीज नोव्हेंबर २००७मध्येच संपली होती, त्यानंतरचं सगळं उत्खनन बेकायदा. म्हणजे बूमची ऐन वर्षं धरून! त्यावर सरकारने काय करावं? लिलाव? छे. जुन्याच लोकांची ८८ लीज पुन्हा नव्याने करून दिली. १२ जानेवारी २०१५ला केंद्राचा लिलाव सक्तीचा करणारा वटहुकूम निघाला, आणि त्याच्या आधीच्या काही दिवसांत इथल्या कचेऱ्यांत फायली कशा पळाल्या असतील याची कल्पना कर. फेब्रुवारी २०१८मध्ये कोर्टाने तीही रद्द केली आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा ठप्प.

आता खरा मुद्दा. २०२२च्या अखेरीस इथं पहिले लिलाव झाले. डिचोलीच्या पट्ट्यासाठी जिंकलेली बोली, म्हणजे सरकारला द्यायचा वाटा, खनिजाच्या किमतीच्या साठ टक्क्यांहून जास्त होती, आणि रॉयल्टी त्यावर वेगळी. थांब, हे वाक्य पुन्हा वाच. धंदा करणारा स्वखुशीने निम्म्याहून अधिक किंमत द्यायला तयार आहे, तीही दर्जाने मध्यम असलेल्या खनिजासाठी, नियम कडक झाल्यावर. मग आधीच्या साठ वर्षांत तो फरक गेला कुठे? चोरी म्हणायचीही गरज नाही, त्यातला बहुतेक भाग कायदेशीरपणेच दिला गेला. तुझा सगळा राग बेकायदा उत्खननावर असतो. माझा त्याहून जास्त राग कायदेशीर दरावर आहे.

बरं, आता पैसे येऊ लागलेत. आनंद मानू? बँकवाल्याची खोड म्हणून विचारतो: हे पैसे कोणत्या खात्यावर लिहिले जातात? ‘महसूल’ म्हणून. लोहखनिज एकदा गेलं की गेलं. म्हणजे ही मालमत्तेची विक्री झाली, कमाई नव्हे. वडिलोपार्जित शेत विकून आलेले पैसे पगार समजून किराण्यात घालावेत, तसा हा कारभार. २०१४च्या निकालात कोर्टाने विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितली, पुढच्या पिढ्यांच्या नावाने. देशात असं पहिल्यांदाच कुणी म्हटलं. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या क्लॉड अल्वारिस यांनी कोर्टात वर्षानुवर्षं चिवटपणा केला, त्यातून हे आलं. इथल्या निम्म्या ट्रकवाल्यांना त्यांचं नाव काढलं तरी चालत नाही, ते सोड. पण मुद्दा त्यांचाच बरोबर आहे, आणि माझ्या मते १० टक्केही फार थोडे. मुद्दल सगळं बाजूला ठेवावं, व्याज खावं.

तू म्हणशील, तेलाचा पैसा निधीत साठवणाऱ्या नॉर्वेला हे परवडतं, गरीब देशाला नाही. मग बोट्स्वाना घे. १९६६मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अतिगरीब देशांपैकी एक. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले, तेही राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीच्या मुलखात. जमातींचे भूगर्भातले हक्क राष्ट्राकडे देण्याचा कायदा त्याच वर्षी त्यांनी करून घेतला. पुढे १९७५च्या सुमाराला हिऱ्याच्या कंपनीशी फेरवाटाघाटी करून निम्मा हिस्सा मिळवला. कंपनीला हाकललं नाही, खाणी चालवायला तीच ठेवली. आता कृत्रिम हिऱ्यांनी त्यांचा बाजार बसवलाय, तेही अडचणीत आहेत. तरी शाळा, दवाखाने, रस्ते झाले ते झालेच. म्हणून मी म्हणतो, खाण कोण चालवतो यावर भांडण्यात आपण आयुष्य घालवलं. किंमत किती वसूल होते आणि त्या पैशाचं पुढे काय होतं, यावर भांडायला हवं होतं.

आता तुझ्याकडे काम. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांत २०१५च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणबाधित गावांसाठीच तो पैसा. गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोहखनिज आता जोरात निघतंय, म्हणजे रक्कम लहान नसणार. माहिती अधिकारात अर्ज टाक आणि कोणत्या गावाला काय मिळालं ते काढ. नुसती मंजूर कामांची यादी घेऊन परत येऊ नकोस, झालेल्या कामांची घे. जिल्हा मुख्यालयात सुशोभीकरण झालं असेल तर तेही लिही, हसायला कामी येईल.

चवथीला येतोस का? आलास तर शिरगावच्या बाजूने फिरवतो, विहिरी दाखवतो. वहिनींना नमस्कार सांग, आणि गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस.

तुझा,
विनायक