यंदाची सुट्टी गुहागरला

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर आई नुसतं "बरं" म्हणते, आणि मग मला दोन दिवस काही सुचत नाही. नोव्हेंबरातली सुट्टी यंदा घरी नाही. गुहागरला आठवडाभराचं गोधडीचं शिबिर आहे, तिथे जातेय. पैसे भरलेत, रजाही मंजूर झाली आहे.

आई, तू म्हणणार, घरी फुकट शिकली असतीस. शिकले असते गं. पण सकाळी तुझी बोटं वळत नाहीत, आणि मी सुई हातात घेतली की "दे इकडे" म्हणून तू ती काढून घेतेस. शनिवारी येऊन रविवारी पळणाऱ्या बाईची गोधडी कधी पुरी व्हायची? दिवाळीत ट्रंकेतून आजीची लुगडी नेली ती यासाठीच. ते हिरवं विटलंय, पदराशी विरलंय, पण इतकं मऊ झालंय की सुई सहज आत जाते. जरीचा काठ उसवून ठेवलाय. अंगाला टोचतो. तुझ्यासाठी जपलाय, टाकलेला नाही.

कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका तिथे कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिकवायला येणार आहेत. त्यांची बोली कोकणीच्या जवळची, म्हणजे निम्मंअर्धं तरी कळेल. पट्टी नाही, खुणा नाहीत. कडेपासून टाके घालत चारी बाजूंनी आत आत सरकायचं आणि मधोमध संपवायचं. कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. माझ्या दुपट्यालाही तू खणाचे त्रिकोण लावले होतेस ना? त्यातला एक तोंडात धरल्याशिवाय मला झोप यायची नाही. दादाला हे सांगू नकोस, अजून चिडवतो.

बाबा, राहायची सोय सुपारीच्या वाडीतल्या घरात आहे. जेवण घरगुती, खोलीत आणखी दोघी, दोघीही पन्नाशीच्या पुढच्या. समुद्रात पाय भिजवेन, पुढे जाणार नाही. गाडी उंब्रजहून पाटणकडे वळेल आणि कराड बाजूला राहील, तेव्हा जिवाला लागणारच आहे. परतताना मात्र नक्की उतरेन. दोन दिवस राहीन, आणि राहिलेलं शिवण आईनं तपासायचं.

आता नीट वाचा. आईच्या डोळ्यांत थेंब तुम्हीच घालायचे. ती स्वतः घालते तेव्हा निम्मे गालावर ओघळतात आणि ती म्हणते, गेले आत. तुमची साखरेची गोळी जेवणाआधी की नंतर, हे डबीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, त्यावर वाद नको. पोळ्यावाल्या मावशींना या आठवड्यात सुट्टी द्यायची नाही. रात्री निदान मऊ भात-मेतकूट तरी, नुसता चहा-खारी नाही. आई, रजया काढायला माळ्यावर चढलीस तर मला शेजारच्या काकूंकडून कळेल. मी आल्यावर काढते.

व्याडेश्वराला जाऊन येणारच आहे. कुलदैवताला जायचं किती वर्षं नुसतं म्हणतोय आपण. अभिषेकाच्या संकल्पाला तुमचं नाव सांगू की आप्पांचं, हे दोघांनी न भांडता ठरवून शुक्रवारपर्यंत कळवा.

तुमची,
मनू