दरजेत सिमेंट नको

लंडन

ती. काकांस सा. न. वि. वि.

वाड्याच्या दर्शनी भिंतीच्या दरजा (विटांमधल्या सांधी) सिमेंटने भरायला गवंडी सांगतोय, असं कळलं. त्याला हो म्हणण्याआधी हे वाचा.

इथे मार्गारेट स्ट्रीटवर ऑल सेंट्स हे विटांचं चर्च आहे. आराखडा विल्यम बटरफील्डचा. पायाभरणी १८५० ची, प्रतिष्ठापना १८५९ ची. (आपल्या कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या आतल्या कामाचे काही आराखडेही याचेच.) जागा जेमतेम शंभर फूट लांब, शंभर फूट रुंद, म्हणून इमारत उंच गेली, शिखर २२७ फूट.

बघण्यासारखी आहे ती वीट. लालमध्ये काळ्या विटांचे पट्टे आणि नक्षी. ती वरून रंगवलेली नाही, थर रचतानाच बसवलेली आहे. थराची पातळी सूतभर चुकली की पट्टा वाकलेला दिसतो. वीट फुटली की नक्षीच गेली, रंगाचा हात मारून ती परत येत नाही. म्हणून अशा भिंतीत दरज विटेपेक्षा मऊच हवी, म्हणजे चुन्याची.

भिंतीत मुरलेलं पाणी चुन्याच्या दरजेतून बाहेर पडतं. सिमेंटने ती वाट बंद झाली की पाणी विटेतून निघतं. इथल्या थंडीत त्याचा बर्फ होतो, फुगतो आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारे क्षार, आहे. ते विटेत साचून तोच घात करतात. दरज मात्र जशीच्या तशी उभी राहते, म्हणून दोष विटेला दिला जातो.

दरज रुंदीच्या दुप्पट खोल, छिन्नीने खरवडा. ग्राइंडर नको, विटेच्या कडा उडतात. धूळ झटका, भिंत पाण्याने भिजवा. एक भाग काही महिने मुरवलेला चुना, अडीच ते तीन भाग खरखरीत वाळू, पाणी बेताचं. दाबून भरा, विटेच्या तोंडावर पसरू देऊ नका. मग ओलं गोणपाट आठवडाभर तरी. भर उन्हात चुना झटकन वाळला की भुगा होतो. घाई इथेच नडते.

जुन्या दरजेतला एक खडा आधी काढून ठेवा, वाळू त्याच्याशी जुळवून घ्या. आणि त्याहीआधी पन्हळ तपासा. ती गळत असेल तर चुनाही टिकणार नाही.

काकूंना नमस्कार.

तुमची
चिमी