निधीसाठी राबणारी कॉलेजची पोरं

संपादक महोदय,

आजारी लहान मुलांच्या उपचारांसाठी निधी गोळा करायच्या कार्यक्रमात कॉलेजची मुलंमुली राबताना बघितली आणि खरंच बरं वाटलं, नुसते टी-शर्ट घालून फोटो काढणं नाही, एक मुलगी टेबलाशी बसून प्रत्येक पावतीवर नाव नीट विचारून लिहीत होती, रांग वाढली तरी गडबड नाही. हिशोब चोख असला की लोक परत देतात.

फक्त एक सांगावंसं वाटतं, हे एका दिवसात संपत नाही हो. मुलांमधला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सरच घ्या, ट्रीटमेंट साधारण २ ते ३ वर्षं चालते, औषधांचा खर्च आहेच पण आईबापाचा बुडालेला रोज, जाणंयेणं, राहणं, हे कोण मोजतं? शिवाय प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, लागतात आणि त्या जेमतेम ५ दिवस टिकतात, म्हणून १८ वर्षांवरच्या पोरांनी ब्लड बँकेत नावं नोंदवून ठेवली तर फार उपयोग होईल. आणि कृपा करून आजारी लेकराला पैशांसाठी स्टेजवर उभं करू नका, ते बघवत नाही. कॉलेजांनीही या मुलांना हजेरीत सवलत द्यावी.

– एक वाचक