अहमदाबादच्या कॉमनवेल्थमध्ये बॅडमिंटन पाहिजेच

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

ग्लासगोच्या 2026 च्या कॉमनवेल्थ गेम्समधून बॅडमिंटन काढून टाकलं. हॉकी, कुस्ती, शूटिंग पण गेलं, फक्त 10 खेळ ठेवले. हॉकी-कुस्तीसाठी लोक निदान हळहळले तरी, बॅडमिंटनबद्दल आपल्या खान्देशात कुणी फारसं बोलताना दिसत नाही म्हणून हे पत्र लिहितोय.

1966 पासून हा खेळ कॉमनवेल्थमध्ये होता. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने 2026 चं यजमानपद सोडलं, मग ग्लासगोने कमी खर्चात चारच ठिकाणी सगळं बसवलं, त्यांची अडचण समजू शकतो. पण 2014 ला याच ग्लासगोत ज्या हॉलमध्ये आपल्या पारुपल्ली कश्यपने पुरुष सिंगल्सचं गोल्ड घेतलं (सय्यद मोदीच्या 1982 च्या गोल्डनंतर तब्बल 32 वर्षांनी!) तो हॉल यावेळीही घेतलाय, तिथे बॅडमिंटन तेवढं नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

काही जण म्हणतात की त्यात काय एवढं, एशियन गेम्स आहे, ऑलिम्पिक आहे. अहो पण तिथे चीन, कोरिया, जपान, इंडोनेशिया सगळे समोर असतात, तिथलं पहिलं गोल्ड आपल्याला थेट 2023 मध्ये हांगझोऊला मिळालं, सात्त्विक आणि आपल्या मुंबईच्या चिरागने डबल्समध्ये आणलं. कॉमनवेल्थमध्ये हे चारही देश नसतात, मलेशिया, इंग्लंड, सिंगापूर तगडे असतात पण नवीन पोरांना मेडलपर्यंत जायला वाट असते. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये 20 वर्षांच्या लक्ष्य सेनने पहिला गेम हरून फायनल फिरवली, त्रिसा-गायत्रीने ब्राँझ घेतलं, आणि सिंधू तर दुखऱ्या पायावर खेळून गोल्ड घेऊन आली. सिंधू, लक्ष्य आणि सात्त्विक-चिराग अशी तीन गोल्ड एकाच दिवशी, 8 ऑगस्टला! ते बघून आमच्याकडच्या किती पोरापोरींनी रॅकेट हातात घेतली ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि आमच्याकडे खेळणं सोपं नाही. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, हॉलच्या खिडक्या उघडता येत नाहीत आणि पंखाही लावता येत नाही कारण जरा हवा लागली की शटल भलतीकडेच जातं, त्या उकाड्यात पोरं दोन-दोन तास घाम गाळतात. फेदरचं, म्हणजे पिसांचं शटल रोज परवडत नाही म्हणून प्लास्टिकवर प्रॅक्टिस करायची आणि टुर्नामेंटला एकदम फेदर, मग नेटजवळचा टच सगळा बदलतो, तरी पोरं जिद्द सोडत नाहीत.

2030 चे गेम्स अहमदाबादला आहेत. भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार कुठूनही नवजीवन एक्सप्रेसमध्ये बसलं की सरळ अहमदाबाद, एवढ्या मोठ्या लेव्हलचं बॅडमिंटन खान्देशातल्या पोरांना इतक्या जवळ परत कधी बघायला मिळेल? शिवाय मेडल मिळतील असा खेळ यजमानाने बाहेर ठेवणं मला तरी पटत नाही.

तेव्हा साहेब, जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबारच्या चारही खासदारांना आपल्या पेपरने एवढंच विचारावं की 2030 ला बॅडमिंटन असावं यासाठी तुम्ही संसदेत आणि क्रीडा मंत्रालयात काय केलं, आणि जे उत्तर येईल ते छापावं.

आपला,
एक बॅडमिंटनप्रेमी वाचक, भुसावळ